बोटाला लागलेली धूळ

मुंबईकडून येणारा भरलेला ट्रक मेंढवणची खिंड चढून चारोटीला येतो आणि पुढे विवळवेढ्याच्या महालक्ष्मीकडे निघतो, तेव्हा खिंडीच्या चढावर गाडीने काय त्रास दिला ते चालकाच्या डोक्यात ताजं असतं. आरशात निळसर धूर दिसला होता. मागची बस दिवे मारत होती. सकाळी टाकलेलं ऑइल डिपस्टिकवर पुन्हा खाली गेलं आहे. देऊळ दिसलं की तो हात जोडतो किंवा मनातल्या मनात अल्लाहचं नाव घेतो, आणि हायवेच्या कडेला मिस्त्रीची शेड दिसेल तिथे गाडी लावून एकच वाक्य बोलतो, ‘‘उस्ताद, गाडी ऑइल खातेय.’’

हे वाक्य फार महागात पडू शकतं. यावर मिस्त्रीने नुसती मान हलवून ‘इंजिन बांधायला लागेल’ असं सांगितलं, तर ट्रकमालकाचा खर्च लाखाच्या घरात जातो. लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंगं, हेडचं काम आणि आठ-दहा दिवस गाडी उभी. चालकाला इंजिनाच्या आतलं दिसत नाही, मालक दोन-चारशे किलोमीटरवर फोनवर असतो. आत काय बिघडलं आहे हे फक्त मिस्त्री सांगणार आणि त्याचं ऐकावं लागणार. डॉक्टरचं जसं असतं, तसंच.

रमजानच्या महिन्यात या शेडमधला मिस्त्री रोजेदार असेल, तर पहाटेच्या सहरीपासून सूर्यास्ताच्या मगरिबपर्यंत त्याच्या पोटात अन्न नसतं आणि पाण्याचा थेंबही नसतो. पण रोजा नुसता पोटाचा नसतो. खोटं बोलणं आणि खोटं वागणं ज्याने सोडलं नाही, त्याच्या उपाशी राहण्याची अल्लाहला काही गरज नाही, अशा आशयाची हदीस इमाम बुखारींच्या संग्रहात आहे. मशिदीतल्या बयानात ती दर रमजानला ऐकायला मिळते. गॅरेजमध्ये तिचा अर्थ अगदी व्यवहाराचा होतो. इंजिन खोलायची गरज आहे की नाही, हे बघितल्याशिवाय ‘आहे’ म्हणायचं नाही.

मग बघायचं कसं?

एक गाडी डोळ्यापुढे आणा. दहा चाकी, सहा सिलिंडरची, टर्बो असलेली डिझेल गाडी. चालक डहाणू तालुक्यातलाच, बरोबर क्लीनर. चांगला उस्ताद पाना उचलण्याआधी विचारतो, ‘‘दादा, खातेय की सांडतेय?’’ ऑइल कमी होतं म्हणजे ते जळतंच असं नाही. इंजिनाखाली जुना पुठ्ठा सरकवायचा, गाडी चालू करून थोडा वेळ उभी ठेवायची. पुठ्ठ्यावर थेंब पडले तर गळती. ब्रेदरच्या तोंडाशी, टर्बोच्या खाली, मागच्या मोठ्या सीलपाशी काळपट चिकट थर असेल आणि त्यावर रस्त्याची माती बसली असेल, तर ऑइल बाहेर जातंय. रेडिएटरमधलं पाणी दुधाळ किंवा तेलकट असेल तर तो आजार वेगळा.

मोठ्या गाडीत ऑइल जायची आणखी एक वाट असते, ती चालकाच्या लक्षात सहसा येत नाही. हवेच्या ब्रेकसाठी जो कॉम्प्रेसर असतो, तो इंजिनाच्याच ऑइलवर चालतो. त्याच्या रिंगा झिजल्या की ऑइल हवेबरोबर ब्रेकच्या टाक्यांमध्ये जातं. टाकीखालचा ड्रेन कॉक ओढला आणि पाण्याऐवजी काळा तेलकट लगदा आला, तर चोर कॉम्प्रेसर आहे. इंजिनावर उगाच आळ. शिवाय ते ऑइल ब्रेकच्या व्हॉल्व्हमधल्या रबराला फुगवतं, म्हणजे हे दुखणं ऑइलच्या खर्चापेक्षा मोठं.

दुसरा प्रश्न, ‘‘किती खाते?’’ याचं उत्तर बहुतेक वेळा ‘लई खाते’ असंच येतं. पण लई म्हणजे किती? गाडी सपाट जागी उभी, इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटं झालेली, तेव्हा डिपस्टिक बघायची. किलोमीटरचा आकडा लिहायचा. हजार किलोमीटरनंतर तशाच सपाट जागी परत बघायचं आणि वरच्या खुणेपर्यंत यायला किती ऑइल लागलं ते मापाने मोजायचं. गाडी लिटरला चार किलोमीटर देत असेल तर हजार किलोमीटरला अडीचशे लिटर डिझेल जळतं. जळालेल्या डिझेलच्या हजारात दोन भाग ऑइल गेलं असं धरलं, तर ते अर्धा लिटर होतं, आणि राबणाऱ्या ट्रकला एवढं लागणं काही जगावेगळं नाही. कंपनीच्या पुस्तकात मर्यादा दिलेली असते, ती बघावी. पुष्कळदा गाडी फार खात नसते. चालक काळजीपोटी खुणेच्या वर ऑइल भरत असतो आणि जास्तीचं ऑइल फिरत्या क्रँकच्या फटकाऱ्याने फेस होऊन ब्रेदरवाटे बाहेर पडत असतं. भरा, फेका, पुन्हा भरा. याच्या उलटही घडतं. एखादा इंजेक्टर गळत असला की डिझेल चेंबरमध्ये उतरतं, ऑइलची पातळी कमीच होत नाही, आणि ‘माझी गाडी थेंबभर ऑइल खात नाही’ म्हणणाऱ्याचं बेअरिंग पातळ झालेल्या ऑइलमुळे बसतं.

आता धूर. काळा धूर म्हणजे डिझेलच्या मानाने हवा कमी. पांढरा म्हणजे न जळलेलं डिझेल किंवा पाण्याची वाफ. निळा म्हणजे ऑइल. एवढं क्लीनरलाही माहीत असतं. उस्तादाला हवं असतं ते धूर कधी येतो याचं उत्तर. चढावर, भार असताना सतत येतो? तर रिंगा आणि लायनरवर संशय. सकाळी पहिल्यांदा चालू केल्यावर भपकारा येऊन मग साफ होतो? तर रात्रभर व्हॉल्व्हच्या गाइडमधून ऑइल पाझरलं असावं. सिग्नलला किंवा टोलच्या रांगेत बराच वेळ धीम्या गतीवर उभी राहून रेस दिली की ढग निघतो? तर टर्बोचं सील किंवा पुन्हा व्हॉल्व्ह. रोजेदार मिस्त्री धुराचा वास घ्यायला सायलेन्सरच्या तोंडाशी जात नाही, बाजूला उभा राहून बघतो. रस्त्यावरची धूळ आणि धूर नकळत घशात गेला तर रोजा तुटत नाही, पण मुद्दाम धूर आत ओढला तर तुटतो, असं हनफी फिकहमध्ये सांगितलं आहे. हायवेवर काम करणाऱ्याला हा फरक पाठ असावा लागतो.

एप्रिल २०२० नंतरच्या बीएस-६ गाड्यांनी मात्र धुराची ही भाषाच बदलली. त्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो, त्यामुळे ऑइल जळत असलं तरी मागे निळं काही दिसत नाही. ऑइलमधल्या धातूंची राख मात्र त्या फिल्टरमध्ये साठत जाते, ती जाळून जात नाही, आणि फिल्टर वेळेआधी तुंबतो. अशा गाडीत धुराची वाट बघत बसण्यात अर्थ नाही. डिपस्टिक आणि वही हाच पुरावा.

यानंतर जे करायचं त्याला ना यंत्र लागतं ना पैसा, आणि नेमकं तेच सर्वांत जास्त वेळा राहून जातं.

एअर फिल्टरच्या डब्यापासून टर्बोपर्यंत जो रबरी पाइप जातो, त्याचा टर्बोकडचा क्लॅम्प सैल करायचा, पाइप बाजूला घ्यायचा आणि आतून बोट फिरवायचं. ही वाट फिल्टरच्या पुढची, म्हणजे गाळलेल्या हवेची. इथे धूळ असण्याचं कारणच नाही. बोट कोरडं आणि स्वच्छ आलं तर ठीक. बोटाला पिठासारखी मऊ माती लागली, तर बाहेरची हवा फिल्टरला चुकवून आत जाते आहे.

डिझेल इंजिनात व्हॅक्यूमची गळती असते की नसते, यावर गॅरेजांमध्ये वाद होतात. पेट्रोल किंवा सीएनजीच्या इंजिनात हवेच्या वाटेवर थ्रॉटलची झडप असते. ती मिटलेली असताना पिस्टन ओढतो आणि मॅनिफोल्डमध्ये मोठी पोकळी तयार होते. तिथे फट पडली की इंजिन थरथरतं, धीमी गती वरखाली होते, चालकाला ताबडतोब कळतं. साध्या डिझेल इंजिनात अशी झडप नसते. म्हणून ‘डिझेलला व्हॅक्यूम नाही, मग गळणार काय’ असं म्हणतात. हे अर्धंच खरं आहे. फिल्टर आणि टर्बो यांच्यामधल्या पाइपात ओढ असतेच. सहा लिटरचं इंजिन २००० फेऱ्यांवर, टर्बोची भर धरली नाही तरी, मिनिटाला जवळपास सहा हजार लिटर हवा आत घेतं. या ओढीच्या वाटेवर चिरलेला रबरी बेंड असेल, क्लॅम्प ढिला असेल, फिल्टरचं गॅस्केट मुडपलेलं असेल, तर इंजिन अजिबात तक्रार करत नाही. पिकअप तोच राहतो, आवाज तोच राहतो. फक्त रस्त्याची धूळ न गाळता आत जात राहते.

आणि या पट्ट्यात धुळीला तोटा नाही. हायवेचं काँक्रीटचं काम, बुलेट ट्रेनचे खांब, मुंबई-वडोदरा द्रुतगती मार्गाचं खोदकाम, डोंगराकडच्या खडीच्या खाणी आणि त्यांच्यासाठी फिरणारे डंपर. या धुळीतले वाळूचे बारीक कण लायनरच्या लोखंडापेक्षा कठीण असतात. ऑइलमध्ये मिसळून ते पॉलिश पेपरसारखं काम करतात. वरची रिंग झिजते, टर्बोच्या पात्यांची धार जाते, मग ऑइल वर चढून जळू लागतं. गाडी ऑइल खायला लागते ती अशी. रोग ऑइल जळण्याचा दिसतो, मूळ मात्र हवेच्या पाइपात असतं.

म्हणूनच न बघता इंजिन बांधणं इथे दुप्पट वाईट. नव्या रिंगा, नवे लायनर घातले आणि फाटलेला बेंड तसाच राहिला, तर काही महिन्यांनी तोच चालक, तोच निळा धूर. मग दोष पार्ट्सना दिला जातो, ‘कंपनीचा माल पूर्वीसारखा राहिला नाही’ म्हणून.

इमाम मुस्लिम यांच्या हदीससंग्रहात बाजारातला एक प्रसंग आहे. प्रेषित मुहम्मद (स.) धान्याच्या एका राशीजवळून जात होते. त्यांनी राशीत हात घातला, तर बोटांना ओल लागली. वरचं धान्य कोरडं, खालचं भिजलेलं. व्यापाऱ्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, पावसाने भिजलं. मग भिजलेलं वर का ठेवलं नाहीस, लोकांना दिसलं असतं, असं त्यांनी त्याला विचारलं, आणि फसवणूक करणारा आमच्यातला नव्हे असं बजावलं. ही गोष्ट जुनी गाडी विकणाऱ्यांना अगदी नेमकी लागू पडते. विक्रीआधी घट्ट ऑइल किंवा दाट करणारं औषध टाकून धूर चार दिवस दाबून ठेवणं हा वरून कोरडं धान्य पसरण्याचाच प्रकार. राशीवर नजर टाकून तो व्यापारी सापडला नसता, हेही त्या प्रसंगातून कळतं. हात घालावाच लागला.

बोटाला धूळ लागली, आता फट शोधायची. इथे नवखे पोरगे साबणाचं पाणी फवारतात आणि बुडबुडे शोधत बसतात. बुडबुडा येतो तो हवा बाहेर पडताना. चालू इंजिनाच्या ओढीच्या पाइपावर साबण लावला तर तो फटीतून आत ओढला जाईल, वर काही दिसणार नाही. म्हणून इंजिन बंद करायचं, दोन्ही तोंडं बंद करायची आणि पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा अगदी हलक्या दाबाने, रेग्युलेटर लावून, आत सोडायची. ओढ उलटी झाली की साबण बोलतो. काही जण अगरबत्ती फिरवतात, फटीपाशी धूर आत वळतो. युक्ती चांगली, पण रेडिएटरचा पंखा चालू असला की धूर भलतीकडेच उडतो, आणि सीएनजीच्या गाडीजवळ तर अगरबत्ती पेटवायचीच नाही. पेट्रोल किंवा डिझेल फवारून फट शोधण्याची सवय सगळ्यांत घातक. गरम सायलेन्सरवर आग लागते ती लागतेच, शिवाय फवारलेलं इंधन आत गेलं की डिझेल इंजिन ताब्याबाहेर रेस घेऊ शकतं.

फिल्टरचं दुसरं टोक असतं तुंबण्याचं. कागद मातीने भरला की इंजिन जास्त जोराने ओढतं, पाइपातली पोकळी वाढते, आणि टर्बोच्या दांड्याच्या सीलमधून ऑइल हवेच्या बाजूला खेचलं जातं. पाइप काढल्यावर बोटाला धुळीऐवजी ताजं ऑइल लागलं, तर टर्बो मेला म्हणून लगेच नवा आणायला धावू नये. आधी फिल्टर बदलून बघावा, टर्बोचा ऑइल परतीचा पाइप दबला किंवा तुंबला नाही ना ते बघावं. फिल्टरच्या डब्यावर लाल पट्टी दाखवणारी छोटी नळी असते, पण ती अनेक गाड्यांत तुटलेली किंवा गायब. तिच्या जागी उस्ताद लोक गवंड्याची लेव्हलची नळी वापरू शकतात. पारदर्शक नळी इंग्रजी यू सारखी वाकवायची, अर्धी पाण्याने भरायची, एक टोक त्या छिद्राला जोडायचं, दुसरं मोकळं. नळी केबिनमध्ये दाराला उभी बांधायची आणि भरलेली गाडी चढावर पूर्ण रेसमध्ये चालवायची. दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक म्हणजे पाइपातली ओढ. अनेक टर्बो डिझेल इंजिनांत तो फरक सुमारे ६३५ मिलिमीटरच्या वर गेला तर फिल्टर बदलायची वेळ झाली असं मानतात. त्यामुळे नळीची उंची मीटरभर तरी हवी, नाहीतर पाणीच आत जाईल. जागेवर उभं राहून रेस दिली तर टर्बोवर भार येत नाही आणि आकडा खोटा कमी दिसतो. म्हणून मेंढवणसारखा चढ हवा.

फिल्टरला ‘हवा मारणं’ हाही इथला जुना रोग. दर आठवड्याला काढून टायरच्या दाबाने फुंकर घातली की कागद साफ दिसतो आणि त्याला सुईएवढी छिद्रं पडतात. शेड अंधारी करून फिल्टरच्या पोटात बॅटरी लावली की ती ताऱ्यांसारखी चमकतात. हे दृश्य एकदा मालकाला दाखवलं की फिल्टरचे पैसे मागायला तोंड उघडावं लागत नाही.

एवढं झाल्यावर इंजिनाच्या पोटाकडे वळायचं. धीम्या गतीवर ऑइल भरायचं झाकण सैल करून तसंच तोंडावर ठेवायचं. ते जागेवर हलकेच थरथरलं तर चालेल. उडून पडत असेल आणि आतून धुराचे झोत येत असतील, तर सिलिंडरमधला दाब रिंगांना चुकवून खाली येतोय. मिस्त्रींच्या भाषेत इंजिन बॅक मारतंय. मग कॉम्प्रेशन गेज. सहाही सिलिंडरचे आकडे कागदावर लिहायचे. सगळे सारखेच थोडे कमी असतील तर वयाची झीज. पाच चांगले आणि एक पडलेला असेल तर दुखणं त्या एकाच घरात, सहा पिस्टन विकत घ्यायची गरज नाही. पेट्रोलच्या गाडीवर शिकलेला मिस्त्री कधी कधी सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून परत मोजतो. डिझेलमध्ये जागा इतकी कमी असते की त्या ऑइलनेच आकडा फुगतो आणि निदान चुकतं.

छोट्या मालवाहू गाड्यांचं प्रकरण थोडं वेगळं आहे. घोलवड-बोर्डीचा चिकू आणि भाजी याच गाड्यांतून निघते. त्यातल्या अनेकांना हवेचे नाही, व्हॅक्यूमच्या मदतीचे ब्रेक असतात. मॅनिफोल्डमधून पोकळी मिळत नाही म्हणून डिझेल गाडीला वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो. पुष्कळ गाड्यांत तो अल्टरनेटरच्या पाठीवर बसलेला असतो, इंजिनाचं ऑइल पिऊन चालतो आणि ओढलेली हवा ऑइलसकट चेंबरमध्ये परत सोडतो. ऑइल आणि व्हॅक्यूम इथे एकाच छोट्या डबीत नांदतात. ब्रेकच्या व्हॅक्यूम पाइपला फट पडली की पंप दिवसभर फुकटची हवा ओढून चेंबरमध्ये भरत राहतो, चेंबरमधला दाब वाढतो आणि ब्रेदरवाटे ऑइलची वाफ बाहेर पडते. चालक ऑइलची तक्रार घेऊन येतो, आणि हळूच सांगतो की हल्ली ब्रेकचं पेडलही जरा कडक लागतंय.

हे दुसरं वाक्य पहिल्यापेक्षा मोठं. ऑइल जळालं तर पैसे जातात. कडक पेडल घेऊन चारोटीच्या नाक्यावर उतरणाऱ्या गाडीचं काय होईल ते सांगायला नको. ४ सप्टेंबर २०२२ रोजी उद्योगपती सायरस मिस्त्री यांचा चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर मृत्यू झाला तेव्हा या रस्त्याचं नाव देशभर झालं. तो अपघात मोटारीचा होता आणि त्याची कारणं वेगळी. रस्ता मात्र हाच, आणि या रस्त्यावर ब्रेकला दुसरी संधी मिळत नाही.

तपासणी मिनिटाभराची आहे. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा दाबायचं, ते कडक होतं. पाय तसाच दाबून ठेवून इंजिन चालू करायचं. पेडल पायाखाली थोडं खाली गेलं पाहिजे. नाही गेलं तर पंप, पाइप, बूस्टर किंवा एकमार्गी व्हॉल्व्ह, यांपैकी कुणीतरी काम सोडलं आहे. पंपाला गेज लावलं तर काटा ६०० मिलिमीटरच्या वर जावा आणि इंजिन बंद केल्यावर लगेच कोसळू नये. कोसळला तर पाइप एकेका तुकड्याने चिमटत जायचं. ज्या चिमट्यावर काटा थांबतो, फट त्याच्या पलीकडे. आणि ब्रेकच्या व्हॅक्यूम पाइपात ऑइल दिसलं, तर एकमार्गी व्हॉल्व्ह परतीची वाट अडवत नाही हे नक्की.

हा व्हॉल्व्ह तपासण्याची गॅरेजची जुनी पद्धत म्हणजे तोंड लावून ओढायचं. एका बाजूने हवा यावी, दुसऱ्या बाजूने येऊ नये. तोंडात ऑइलची चव राहते, थुंकून टाकतात. डिझेलचा एअर काढतानाही तसंच, नळी तोंडाला. रमजानात हे बंद. मेडिकलमधून आणलेली मोठी सिरिंज नळीला जोडतात आणि दट्ट्या ओढून बघतात. गंमत अशी की सिरिंजने तोंडापेक्षा नेमकं कळतं. दट्ट्या ओढून धरला आणि तो आपोआप आत खेचला जात राहिला तर व्हॉल्व्ह पक्का. ईदनंतर तरी नळी परत तोंडाकडे जाऊ नये.

एका धोक्याबद्दल मात्र प्रत्येक चालकाला माहीत असायला हवं. टर्बोचं सील पूर्ण गेलं आणि ऑइलचा लोट हवेच्या वाटेने इंजिनात शिरला, तर डिझेल इंजिन त्या ऑइलवरच चालू लागतं. रेस आपोआप वाढत जाते, चावी फिरवून काही होत नाही, कारण डिझेल बंद झालं तरी जळायला ऑइल आहे. अशा वेळी गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून, ब्रेक पूर्ण दाबून, क्लच सोडून इंजिन गुदमरवायचं. ते जमलं नाही तर उतरून लांब व्हायचं. हवेच्या तोंडावर हात किंवा फडकं घेऊन कुणी जाऊ नये, ती ओढ हात सोडत नाही. चढावरचा निळा धूर दुर्लक्षून पुढच्या खेपेला बघू म्हणणाऱ्यांची गाठ कधी कधी याच्याशी पडते.

२०२२ आणि २०२३ या दोन्ही वर्षी रमजान आणि महालक्ष्मीची यात्रा एकाच वेळी आली होती. यात्रा चैत्र पौर्णिमेला सुरू होते. रमजान चांद्रवर्षाप्रमाणे दर साली दहा-अकरा दिवस मागे सरकतो, म्हणून ही भेट दोन-तीन वर्षं होते आणि मग तीसेक वर्षं होत नाही. अशा दिवसांत या रस्त्यावर टेम्पो, ट्रक, जीप भरून माणसं येतात. माल वाहणाऱ्या गाडीत माणसं बसतात, आणि कडक पेडलचा अर्थच बदलतो. रोजा ठेवून उन्हात गाडीखाली झोपलेला मिस्त्री आणि नारळ-ओटी घेऊन निघालेलं बिऱ्हाड यांच्यामध्ये तेव्हा एक बोटभर जाडीचा रबरी पाइप असतो.

आता आपल्या दहा चाकी गाडीकडे. बोटाला धूळ लागली, बेंडच्या खालच्या बाजूला, जिथे नजर पोचत नाही तिथे, चीर सापडली. नवा बेंड, दोन क्लॅम्प, नवा फिल्टर. टाकीतून लगदा आला नाही, म्हणजे कॉम्प्रेसर निर्दोष. झाकण थोडं जास्त थरथरतं. कॉम्प्रेशनचे आकडे सारखेच, पण थोडे कमी. म्हणजे धुळीने आपलं काम काही प्रमाणात केलेलं आहे आणि ते बेंड बदलून परत येणार नाही. फोनवरच्या शेठला हेही सांगावं लागतं. ‘‘शेठ, इंजिन आत्ता खोलू नका. झीज आहे, पण वाढायची थांबेल. ऑइल बदला, हजार किलोमीटर मोजा, मग बोलू.’’ पलीकडून विचारणा होते, नक्की का? मिस्त्री म्हणतो, ‘‘नक्की आज सांगता येत नाही. मोजल्यावर सांगतो.’’ काही शेठना हे आवडत नाही. त्यांना छातीठोक उत्तर हवं असतं आणि छातीठोक उत्तर देणारी शेड पुढच्या किलोमीटरवर असतेच. ज्याने तपासायला दोन तास घातले त्याने तपासणीचे पैसे मागितले तर मात्र घासाघीस होते. इंजिन न खोलण्याचा सल्ला फुकट मिळावा अशी सगळ्यांचीच अपेक्षा, आणि अशाने एखाद्या दिवशी चांगला मिस्त्रीही ‘खोलावं लागेल’ म्हणायला शिकतो, हेही बोलून ठेवलं पाहिजे.

उन्हं उतरतात. चालक मुसलमान असेल तर प्रवासात रोजा पुढे ढकलायची मुभा त्याला आहे, सुटलेले रोजे नंतर भरून काढता येतात. तरीही काही जण ठेवतात. हा चालक नाही, तो आदिवासी पाड्यावरचा, देवीचा भक्त. क्लीनरने किलोमीटरचा आकडा केबिनमध्ये सनशेडच्या मागे मार्करने लिहून ठेवला आहे. शेडमध्ये वर्तमानपत्रावर खजूर, कलिंगडाच्या फोडी, भजी आणि पाण्याचा जग मांडला जातो. ‘‘बसा दादा, पाचच मिनिटं आहेत.’’ चालक चप्पल काढून कडेला टेकतो.

मिस्त्री नळाशी उभा असतो. वजूचं पाणी कातडीला लागायला हवं, मध्ये ग्रीसचा थर चालत नाही. आधी डिझेलचं फडकं, मग साबण, मग नखांसाठी जुना ब्रश. पाइपात फिरवलेलं बोट तो शेवटी घासतो. मातीचा काळा रंग नखाच्या कडेला थोडा राहतोच. मागे क्लीनरने इंजिन चालू केलेलं असतं. पहिला भपकारा निळसर येतो, मग विरळ होतो. मिस्त्री मान वळवून तो पूर्ण विरेपर्यंत बघतो, नळ बंद करतो, आणि ‘‘बंद कर आता, अजान होईल,’’ म्हणून आत वळतो.